कोऱ्या पत्राच्या गावातील गोधडी

गोदावरीच्या दक्षिण काठावरील पुणतांबा हे गाव मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला माहीत असते ते चांगदेवांच्या समाधीमुळे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसलेल्या चांगदेवांना मायना काय लिहावा हे उमगले नाही. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून 'तीर्थरूप'? या पेचात त्यांनी कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षांच्या तपश्चर्येनंतरही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याची आख्यायिका आहे, आणि त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी दिलेले पासष्ट ओव्यांचे उत्तर म्हणजे 'चांगदेव पासष्टी'. ही कथा वर्गात सांगताना आपण सारे त्या उत्तराकडे धावतो. माझे मन मात्र गेली काही वर्षे कोऱ्या कागदापाशीच रेंगाळते. ज्यावर एकही अक्षर नाही असा मजकूर वाचता येतो का, हा प्रश्न ज्या गावाच्या नावाशी जोडलेला आहे, ते माझे आजोळ. आणि त्या आजोळहून माझ्याकडे आलेली एकमेव वस्तू म्हणजे निरक्षर आजीने शिवलेली एक गोधडी.

ही गोधडी हा या लेखाचा विषय. तिच्याविषयी लिहिण्याचे निमित्त मात्र वेगळेच घडले. मागच्या वर्षी माझ्या भाचीने पुण्यात क्विल्टिंगच्या शिकवणीला नाव घातले. शिकवणीत बाटिकचे कापड वापरतात. तिने चौकोन कापण्याचे साहित्य, मोजपट्टी, पातळ सुया आणि रंगीत कापडाचे तुकडे माझ्यासमोर मांडले आणि मूलभूत कौशल्यांची यादी वाचून दाखवली. कापडाचा उभा-आडवा धागा ओळखणे, तुकडे नेमके कापणे, पाव इंच माया सोडून जोडणे, शिवण इस्त्रीने बसवणे, तीन थर एकत्र टाचणे, त्यांवरून टाके घालणे, आणि शेवटी कडेला पट्टी लावणे. यादी ऐकताना माझ्या लक्षात आले की यांतील बहुतेक गोष्टी आजी करत होती. तिच्याकडे फक्त यादी नव्हती. आणि यादी नसल्यामुळे तिला काही येते असे आम्हा कुणालाच कधी वाटले नाही. हे वाक्य लिहिताना मला संकोच वाटतो, कारण साहित्याचा अध्यापक म्हणून मौखिक परंपरेविषयी मी अनेक व्याख्याने दिलेली आहेत.

प्रथम शब्दाकडे पाहू. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशात 'गोधडी' आहे आणि 'वाकळ'ही आहे. दक्षिण महाराष्ट्रात वाकळ अधिक चालते, गोदावरीच्या खोऱ्यात गोधडी. तान्ह्या बाळासाठी शिवतात ते दुपटे. संस्कृतात हिला 'कंथा' म्हणतात आणि नाथपंथी योग्याच्या वेषात मुद्रा, शृंगी यांच्या बरोबरीने कंथा येते. बंगालीत हाच शब्द 'काँथा' होऊन घरगुती पांघरुणाला मिळाला. म्हणजे एकाच वस्तूची दोन आयुष्ये आहेत. एक वैराग्याचे चिन्ह म्हणून, दुसरे संसाराची गरज म्हणून. पहिल्या आयुष्याची नोंद ग्रंथांत झाली. दुसऱ्याची नोंद कापडावरच राहिली, आणि कापड विरले की नोंदही गेली.

आपल्या समीक्षेच्या भाषेतही या वस्तूची गत पाहण्यासारखी आहे. एखादी कादंबरी विस्कळीत वाटली की 'ठिगळे जोडल्यासारखी' असे आपण सहज लिहून जातो. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, या म्हणीतही ठिगळ हे दुबळेपणाचे लक्षण आहे. ज्या हातांनी ठिगळे लावली त्यांनी ही भाषा घडवली असती, तर ठिगळ हा रचनेविषयीचा गौरवाचा शब्द झाला असता, अशी माझी समजूत आहे. कारण ठिगळ लावणे म्हणजे कोणत्या जागी ताण येतो, कोणते कापड किती झिजले आहे, नव्या तुकड्याचे बळ जुन्याला फाडणार तर नाही ना, याचा निर्णय करणे. बळकट नवा तुकडा विरलेल्या कापडावर लावला तर शिवणीलगतचे जुने कापडच आधी फाटते. हे आजीला ठाऊक होते, म्हणून ठिगळासाठी ती तितकेच जुने कापड शोधत असे.

गोधडीचे साहित्य म्हणजे जुनी लुगडी, धोतरे, पटके, सदरे, मधल्या नक्षीसाठी चोळीच्या खणाचे उरलेले त्रिकोणी तुकडे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे आठ मीटर कापड. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले, त्यांतले दोन शेजारी जोडले, तर दोघांपुरत्या गोधडीचा एक थर होतो. एका लुगड्याचे दोन थर. आत धोतराचा किंवा अधिक विरलेल्या लुगड्याचा भर, आणि वरची बाजू त्यातल्या त्यात धड कापडाची. हे सारे अंगणात किंवा ओसरीवर ताणून अंथरायचे, कडांवर वजन ठेवायचे, सुरकुत्या हाताने काढायच्या, लांब कच्च्या टाक्यांनी टाचायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा. पहिली ओळ चारही कडांनी फिरते, दुसरी तिच्या आत, तिसरी तिच्या आत, असे करत सुई मध्यापर्यंत पोहोचते.

हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. गोधडी दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन ओळींतले अंतर दीड सेंटीमीटर धरले, तर धाग्याची वाट सुमारे दोनशे मीटर होते. सेंटीमीटरला एक टाका धरला तरी वीस हजार टाके. आजीच्या गोधडीवर ओळी याहून दाट आहेत. वीस हजार वेळा सुई चार-पाच थरांतून खाली-वर जाते, आणि हे काम शेतातून आल्यावर, दळण-कांडण, स्वयंपाक, गुरे हे सारे आटोपून, बहुधा उन्हाळ्याच्या दुपारी होते. वर्षभर साठवलेल्या कापडाला तेव्हाच अंगण आणि ऊन मिळते.

भाचीच्या शिकवणीत टाके मध्यापासून बाहेर घालायला सांगतात. थरांमधला फुगवटा कडेकडे ढकलला जावा, हे त्यामागचे कारण. आजी नेमकी उलट दिशेने जाई. कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रिया 'कवंद' नावाच्या गोधड्या शिवतात, त्याही कडेपासून आत येतात आणि कोपऱ्यांत 'फूल' म्हणून घडीचे तुकडे लावल्याखेरीज गोधडी पूर्ण झाली असे मानत नाहीत. कडेपासून आत येण्यात कापड थोडे गोळा होते आणि ओळींच्या मध्ये बारीक लाट उठते. नव्या, ताठ कापडाला हा दोष ठरेल. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताला तो पोत ठरतो. या बारीक लाटांमध्ये हवा अडकते आणि ऊब धरून ठेवते. म्हणजे दोन्ही पद्धती आपापल्या कापडाच्या दृष्टीने बरोबर आहेत. कौशल्य हे हातात असते तितकेच ते द्रव्याच्या ओळखीत असते, ही गोष्ट मला या तुलनेतून कळली.

बाटिकविषयी थोडे. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची, कापड रंगात बुडवायचे, मेणाखालचा भाग रंगापासून वाचतो, मग उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचे, ही बाटिकची रीत. जावा बेटावर चांतिंग नावाच्या तोटीच्या लेखणीने ही नक्षी काढत, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या ठशांचा वापर वाढला. २००९ साली इंडोनेशियाच्या बाटिकला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. रवींद्रनाथ १९२७ साली जावाला गेले, आणि त्या प्रवासानंतर बाटिक शांतिनिकेतनच्या कलाशिक्षणात रुजले. आपल्या जवळचे बाटिक म्हणजे उज्जैनजवळच्या क्षिप्रेकाठच्या भैरवगडचे. रंग बुडवणीचा असल्याने बाटिकच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात, आणि क्विल्टिंगसाठी जे बाटिक विकले जाते ते घट्ट विणीचे असल्याने त्याच्या कडा फारशा उसवत नाहीत. नवशिक्याला तुकडे कापून जोडायला ते म्हणूनच सोयीचे. पण त्याच घट्टपणामुळे हाताने अनेक थरांतून सुई काढणे जड जाते, आणि गडद रंग पाणी सोडतो का हे आधी धुऊन पाहावे लागते. भाचीने आजीची गोधडी हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो हाच की इतक्या थरांतून सुई गेली कशी. उत्तर सोपे होते. सुईने काम करण्याआधी वीस वर्षे नदीच्या पाण्याने आणि घाटाच्या दगडाने ते कापड तयार केले होते.

तो घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला. पुणतांब्याच्या घाटावर दगडी पायऱ्या बांधणाऱ्या याच राज्यकर्तीच्या आश्रयाने नर्मदेकाठी महेश्वरला हातमाग बहरले. जिल्ह्याला २०२४ मध्ये त्यांचे नाव मिळाले. इतिहासाच्या पुस्तकात घाट येतो, मागही येतो. घाटावर रोज धुतल्या गेलेल्या लुगड्यांचा इतिहास मात्र येत नाही, आणि गोधडी त्या इतिहासाचे शेवटचे पान आहे.

हे पान कसे लिहिले गेले आणि कसे थांबले, याची काही कारणे सांगता येतात. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि पुणतांबा रेल्वेच्या नकाशावर आले. हातमागाच्या शेजारी गिरणीचे सूत आणि कापड गावात पोहोचण्याची वाट मोकळी झाली. तरीही कापड ही गरिबाघरी जपून वापरण्याची वस्तूच राहिली. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली कापडावर आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम निघाला, टंचाई आली, आणि लुगड्याला दंड घालून, म्हणजे फाटलेला भाग काढून उरलेले दोन भाग मधोमध जोडून, ते पुन्हा नेसणे ही घरोघरची गोष्ट झाली. आजीच्या गोधडीत एक तुकडा असा आहे की ज्यावर गोधडीच्या शिवणीखाली दंडाची जुनी शिवण दिसते. म्हणजे ते लुगडे गोधडीत येण्याआधी एकदा मरून पुन्हा जगलेले होते. त्या शिवणीला तारीख नाही. पण ती वाचता येते.

मग बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारा हा व्यवसाय जुनाच. स्टीलची भांडी गावोगाव आली तसा त्याचा जोर वाढला. चार लुगड्यांची एक गोधडी, की चार लुगड्यांचा एक डबा? पितळेला कल्हई लावावी लागते, स्टीलला लागत नाही. बाईच्या दृष्टीने डबा हा काम वाचवणारा होता आणि गोधडी काम वाढवणारी. डबा निवडणाऱ्या बाईला परंपरेचे भान नव्हते असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली, आणि पॉलिस्टरच्या साड्या स्वस्त झाल्या. त्या टिकाऊ, झटकन वाळणाऱ्या, इस्त्री न लागणाऱ्या. त्या विरत नाहीत, मऊ होत नाहीत, घाम शोषत नाहीत. त्यांची गोधडी होते, पण ती सरकते आणि अंगाला चिकटते. गोधडीची परंपरा संपण्यामागे नव्या पिढीचा आळस आहे, अशी तक्रार आपण ऐकतो. मला वाटते, तिचा कच्चा मालच आधी संपला. विरणारे कापड नाही, तर गोधडी नाही.

या ठिकाणी मला एक कबुली द्यायची आहे. आजीच्या तीन गोधड्या आमच्या घरी होत्या. त्यांतल्या दोन, नव्या घरात राहायला जाताना, मीच दारावर आलेल्या बोहारणीला दिल्या. कपाट भरले होते आणि त्यांना वास येत होता. त्या बाईने त्या उघडून, उलटून पाहिल्या आणि म्हणाली, "ताई, ह्याच्यावर काय मिळणार नाही. पण कुणी शिवल्यात, हात चांगला होता." एक प्लास्टिकचा टप देऊन ती गेली. आजीच्या कामाविषयी मी ऐकलेला तो पहिला समीक्षेचा शेरा. तो मराठीची पदवी घेतलेल्या माझ्याकडून यायला हवा होता.

गोधडीविषयी हळवे होणे सोपे आहे, आणि आपल्या ललित लेखनात ते पुष्कळ झालेले आहे. गोधडी म्हणजे माया, ऊब, आजी, जुने घर. यात खोटे काही नाही. पण अपुरे पुष्कळ आहे. चिंध्यांच्या वस्त्राचा आपल्या समाजातील इतिहास केवळ मायेचा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत असे विधान आहे, आणि प्रेतावरचे कापड घेणे हा गावगाड्यात काही जातींच्या माथी मारलेला 'हक्क' होता. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे कसे नेसावे इथपर्यंत सांगितले, कारण वस्त्र हे जातीची खूण म्हणून लादलेले होते. ज्या घराने फाटके टाकून नवे घेणे हा आपला पहिला विजय मानला, त्या घराला गोधडीच्या जाण्याचे दुःख का व्हावे? अकोले तालुक्यातील धामणगावात जन्मलेल्या दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी आपल्याला निदान एवढे तरी शिकवले पाहिजे की गतकालाच्या आठवणी सर्वांना सारख्याच उबदार नसतात.

याच चिंध्यांचा दुसरा अर्थ लावणारी परंपराही आहे, आणि ती तितकीच जुनी आहे. बौद्ध भिक्षूंचे पांसुकूल चीवर टाकलेल्या कापडाचे असे. विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्ध मगधातील बांधाबांधांनी आखलेली शेते पाहून आनंदाला चीवर तसे तुकड्यातुकड्यांचे करायला सांगतात. तुकडे जोडण्यामागे रचनेचा विचार असल्याची ही फार जुनी नोंद आहे. आपल्या जिल्ह्यात कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज. त्यांच्या नावातच हे वस्त्र आहे. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. ज्यांना नवे वस्त्र मिळू शकत होते त्यांनी चिंध्या निवडणे, आणि ज्यांना मिळू दिले जात नव्हते त्यांच्यावर चिंध्या लादणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी माझ्या आजीची गोधडी आहे. तिने चिंध्या निवडल्या नाहीत, तिच्यावर त्या धर्माने लादल्याही नाहीत. गरिबी होती, आणि त्या गरिबीत तिने निळ्या काठाशेजारी तांबडाच काठ हवा असा हट्ट धरला. हा हट्ट गरजेतून येत नाही.

बंगालने आपल्या काँथेकडे वेळीच पाहिले. गुरुसदय दत्त यांनी त्या गोळा केल्या आणि त्यांचा संग्रह कोलकात्याजवळच्या जोका येथे आहे. स्टेला क्रॅमरिश यांनी १९३९ साली काँथेवर लेख लिहिला. त्याआधीच, १९२९ मध्ये, जसीमुद्दीन यांचे 'नक्षी काँथार माठ' हे कथाकाव्य आले, ज्यातील नायिका आपली कथा काँथेवर शिवते आणि ती काँथा तिच्या कबरीवर पांघरली जाते. मराठी गोधडीवर चित्रे नसतात, तिच्यात गोष्ट दिसत नाही, त्यामुळे तिचा संग्राहक उशिरा आला. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर पुस्तक केले ते एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. ओव्यांचे नशीब त्या मानाने बरे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गावोगाव फिरून जमवल्या. बहिणाबाईंच्या शब्दांना उतरवून घेणारे सोपानदेव मिळाले आणि १९५२ मध्ये आपल्याला एक कवयित्री मिळाली. जात्यावर ओवी म्हणणारी आणि दुपारी गोधडी शिवणारी बाई बहुधा एकच होती. तिची एक कृती साहित्य म्हणून आपल्या अभ्यासक्रमात आली आणि दुसरी बोहारणीकडे गेली.

इंग्रजीच्या आपल्या सहकाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. सुझन ग्लास्पेल यांच्या १९१६ सालच्या 'ट्रायफल्स' या एकांकिकेत खुनाचा तपास करणारे पुरुष घरभर पुरावा शोधतात आणि बायका गोधडीच्या टाक्यांविषयी बोलतात म्हणून त्यांना हसतात. पण एका तुकड्यावरचे टाके अचानक वेडेवाकडे झालेले त्या बायकांनाच दिसते, आणि त्या घरात काय घडले असेल ते त्यांना कळते. टाका हा मजकूर म्हणून वाचण्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. ॲलिस वॉकर यांच्या १९७३ सालच्या 'एव्हरीडे यूज' या कथेत शिकून आलेली मुलगी आजीच्या गोधड्या भिंतीवर लावण्यासाठी मागते आणि आई त्या घरी राहिलेल्या, रोज पांघरणार असलेल्या दुसऱ्या मुलीला देते. एलेन शोवॉल्टर यांनी तुकडे जोडणे आणि स्त्रियांचे लेखन यांचा संबंध १९८० च्या दशकात सविस्तर मांडला. अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ मध्ये मोठ्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. हे सारे आपण वाचतो, परिसंवादात सांगतो. मग शालेय पाठ्यपुस्तकातून आपल्याकडे आलेल्या मुलांनी, याच जिल्ह्यातील कवी कैलास दौंड यांची 'गोधडी' ही कविता वाचलेली असते, तेव्हा आपण त्यांना काय विचारतो? कवितेतील प्रतिमा कोणती आणि तिच्यातून व्यक्त होणारा भाव कोणता, एवढेच. तुमच्या घरातील गोधडी कुणी शिवली, असे मी वीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

या वर्षी विचारले. द्वितीय वर्षाच्या वर्गाला एक पान लिहायला सांगितले. घरात गोधडी असेल तर ती कुणी, केव्हा, कशाची शिवली, आणि नसेल तर का नाही. निम्म्या मुलांनी आईला फोन करून विचारले. एकाने लिहिले की त्याच्या घरच्या गोधड्या गावात फिरून शिवून देणाऱ्या बायकांनी पैसे घेऊन शिवल्या, आणि आईला त्यांचे नाव आठवत नाही. एका मुलीने लिहिले ते मी इथे तिच्या परवानगीने, तिचे नाव न देता, सांगते. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या भागात गळिताचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि ट्रॅक्टरवर, बैलगाडीवर भांडी, पोरे आणि अंथरूण-पांघरूण लादून कुटुंबे कोपीवर उतरतात. तिच्या आईच्या गोधडीत एक थर खताच्या पोत्याचा आहे. खालची ओल वर येऊ नये म्हणून तो जमिनीच्या बाजूला येतो. मुलीने लिहिले होते की कवितेतल्या गोधडीसारखी आमची गोधडी मऊ नाही, म्हणून काय लिहावे ते कळले नाही.

या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. मऊ नसलेली गोधडी साहित्यात बसत नाही, असे या मुलीला कुणी शिकवले? आपणच. प्रतिमेचे इतके सौम्य वाचन आपण वर्षानुवर्षे करत आलो की तिच्या आईची बुद्धी, म्हणजे ओल येणारी बाजू ओळखून पोते तिथे घालणे, तिला लिहिण्याजोगी वाटली नाही. जून २०१७ मध्ये पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला तेव्हा या गावाचे नाव देशभर गेले, आणि शेतमालाच्या उत्पादनखर्चात घरच्यांची मजुरी धरावी की नाही ही चर्चा पुन्हा झाली. धरली तरी त्या मजुरीत गोधडी येत नाही. वीस हजार टाक्यांचा भाव कुणी काढलेला नाही. तो रुपयांत काढावा असे माझे म्हणणे नाही. पण ते काम आहे आणि त्या कामाला ज्ञान लागते, एवढी नोंद तरी व्हावी.

भाचीने आजीच्या उरलेल्या गोधडीवरून शिकायचे ठरवले आहे. तिची शिकवणी चालू आहे, बाटिकचे चौकोन ती आता नेमके जोडते आणि माया सगळीकडे सारखी येते. गोधडीची एक कड उसवली आहे. तिथे काय लावायचे यावर आमचा वाद झाला. मला ती आहे तशी जपून ठेवायची होती. भाचीचे म्हणणे होते की न वापरता ठेवली तर घडीवर फाटेल, वापरली तर ठिगळ लागेल, आणि ठिगळ लावायला तिला येते. तिने बाटिकचा एक तुकडा पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. कापड फार नवे आहे, शेजारचे फाडील, असे म्हणाली. हे तिला शिकवणीत कुणी सांगितले नव्हते. गोधडी हाताळून तिला ते कळले.

आता तो बाटिकचा तुकडा दर आठवड्याला धुण्यात जातो. अजून तो मऊ झालेला नाही. तोवर वर्गातली ती चाळीसेक पाने मी वहीत लावून ठेवली आहेत. पुढच्या वर्षीच्या वर्गालाही हाच प्रश्न विचारायचा आहे, आणि पोत्याच्या थराविषयी लिहिणाऱ्या मुलीचे पान, तिची हरकत नसेल तर, त्यांना सुरुवातीला वाचून दाखवायचे आहे.